जुन्या जीपचा जमाखर्च

जुनी जीप घेणे म्हणजे दारात हत्ती बांधणे, असे आपल्याकडे गमतीने म्हणतात. हत्ती विकत घेणे एक वेळ जमेल, पण त्याचा रोजचा चारा परवडणार नाही, हा त्यातला अर्थ. परंतु या हत्तीला चारा नेमका किती लागतो, हे कोणी मांडून दाखवीत नाही. जीपमालकाला विचारावे, तर तो ‘लिटरला दहा जाते’ एवढे सांगून मोकळा होतो. वाणिज्य शाखेत आपण जी मापे शिकतो, त्याच मापांनी हा चारा मोजून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बेळगावला जीप नवी नाही. येथे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने लष्करी जीप रस्त्यावर नेहमीच दिसत आली. स्वातंत्र्यानंतरच्या काळात महिंद्रा कंपनीने अमेरिकन विलीज जीपची जोडणी मुंबईत सुरू केली. पुढे त्याच घराण्यातल्या डिझेल जीप आणि १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी खेड्यापाड्यांत पोहोचल्या. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पाऊस धो-धो कोसळतो. तेथील आडवाटेच्या वाड्यांना चारही चाके ओढणारी गाडी ही चैन नसून गरज आहे. आमच्या घरीही थोरल्या काकांची १९९६ साली नोंदलेली अशी एक डिझेल जीप आहे. तिच्या नोंदणीची मुदत यंदा संपते. ती ठेवावी की विकावी, हा प्रश्न घरात चालू असल्यामुळेच मी या हिशेबाकडे वळलो.

पहिली गोष्ट किमतीची. जुने यंत्र विकत घेऊन ते वापरण्याजोगे करण्यासाठी सुरुवातीला जो दुरुस्तीखर्च येतो, तो महसुली खर्च नसून भांडवली खर्च होय, हे आपण हिशेबशास्त्राच्या पहिल्याच वर्षी शिकतो. जीपला हा नियम तंतोतंत लागू पडतो. दोन लाखांना घेतलेल्या जीपचे ब्रेक, क्लच आणि पाटे यांवर लगेच पन्नास हजार घालावे लागले, तर ती जीप अडीच लाखांचीच समजावी. म्हणून हाताशी अडीच लाख असतील, तर अडीच लाखांची जीप घेऊ नये.

दुसरी गोष्ट घसाऱ्याची. नव्या मोटारीचा सर्वांत मोठा खर्च घसारा हाच असतो. जुन्या जीपचा बहुतेक घसारा आधीच्या मालकाने सोसलेला असतो, आणि नीट राखलेल्या जीपची किंमत पुढे फारशी उतरत नाही. ‘जुनी गाडी स्वस्त पडते’ हे म्हणणे एवढ्यापुरते खरे आहे. मात्र घसाऱ्याची जागा दुरुस्ती घेते. घसारा दरवर्षी ठरावीक दराने मांडता येतो. दुरुस्ती मात्र कधी येईल ते सांगून येत नाही.

आता आकडे मांडू. यांतील विमा व नोंदणी यांचे दर सरकारी आहेत. बाकीचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत.

प्रथम स्थिर खर्च, म्हणजे जीप जागेवर उभी असली तरी होणारा. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरानुसार १५०० सी.सी.वरील खासगी मोटारीचा त्रयस्थ पक्षाचा विमा वर्षाला रु. ७,८९७ पडतो, करासह सुमारे रु. ९,३००. (१२९८ सी.सी.च्या जिप्सी किंगला हाच हप्ता करापूर्वी रु. ३,४१६ आहे. जीप निवडताना हा फरक ध्यानात घ्यावा.) खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये रु. ६०० वरून रु. ५,००० झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी रु. १०,००० झाले. म्हणजे वर्षाला रु. २,०००. बॅटरी सहा हजारांची व तीन वर्षे टिकणारी धरली, तर आणखी रु. २,०००. पत्रा व रंगकामासाठी पाच वर्षांतून एकदा पंचवीस हजार, म्हणजे वर्षाला रु. ५,०००. शेवटी अडीच लाख बँकेत ठेवले असते तर सहा टक्क्यांनी मिळणारे व्याज रु. १५,०००. एकूण रु. ३३,३००.

यानंतर बदलता खर्च, दर किलोमीटरला. डिझेल नव्वद रुपये लिटर व लिटरला दहा किलोमीटर धरल्यास रु. ९. टायरांचे ७० पैसे. ऑइल, फिल्टर व ग्रीसचे ८० पैसे. इंजीन, क्लच, गिअरबॉक्स व ब्रेक यांच्या मोठ्या कामांसाठी, ऐंशी हजार किलोमीटरला एक लाख वीस हजार या हिशेबाने, दीड रुपया. एकूण रु. १२.

जीप वर्षाला १२,००० किलोमीटर चालली, तर किलोमीटरला सुमारे रु. १४.७८ पडतात. तीच ३,००० किलोमीटर चालली, तर रु. २३.१० पडतात. मालक मात्र दोन्ही वेळा नऊ रुपयेच सांगतो, कारण पंपावर तेवढेच खिशातून गेलेले दिसतात. कमी चालणाऱ्या जीपच्या खऱ्या खर्चातील पाचांपैकी तीन भाग मालकाच्या नजरेतच येत नाहीत.

यांतला दुरुस्तीचा भाग मालकाच्या हातात बराच असतो. ग्रीस वेळेवर भरले नाही की प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस झिजतात. ओढ्यातून जीप काढल्यावर अॅक्सलमधील ऑइल तपासावे. ते दुधाळ दिसले तर पाणी शिरले असे समजून लगेच बदलावे. नाहीतर बेअरिंग व गिअर यांचा खर्च ठरलेलाच. कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढची चाके जोडून चालवू नये. वळणावर पुढची व मागची चाके सारखे अंतर कापीत नाहीत. चिखलात ती थोडी घसरून हा फरक भरून काढतात, पण डांबरावर तो ताण टायर आणि ट्रान्सफर केसवर येतो. पावसाळा संपताच चासीला चिकटलेला चिखल धुऊन काढावा, कारण इंजीन बदलता येते, गंजलेली चासी बदलणे फार जड जाते. आणि उभी जीपही झिजते: बॅटरी उतरते, ब्रेकचे सिलिंडर धरतात. बूश, पिन अशी लहानसहान कामे उद्यमबागेतल्या लेथवर होऊ शकतात, ही आपल्याकडची मोठी सोय.

आमच्या जीपचे काम करणारे कानडी मिस्त्री प्रत्येक वेळी काकांना बजावतात, ‘लेक्क बरेदिडि’, म्हणजे हिशेब लिहून ठेवा. त्याला मी एकच जोड देईन. डिझेलखेरीजचे तीन रुपये दर किलोमीटरमागे वेगळे काढून ठेवावेत. यालाच आपण तरतूद म्हणतो. परंतु कमी चालणाऱ्या जीपचा हा निधी वर्षाला नऊच हजार जमतो, आणि क्लच त्याची वाट पाहत थांबत नाही. म्हणून निधीची सुरुवात खरेदीच्या दिवशीच करावी.

राहिला ठेवण्या-विकण्याचा प्रश्न. ‘आजवर एवढे घातले, आता कशी विकायची?’ हे घरोघरचे वाक्य हिशेबात बसत नाही. तो बुडीत खर्च आहे. तो ठेवण्याच्या बाजूने नाही आणि विकण्याच्याही नाही. विचार पुढच्या खर्चाचाच करावा. एकट्याने शहरात यायचे असेल तर बसने यावे. तीस किलोमीटरला जीपचे वरकड साडेतीनशे रुपये होतातच. पण जुलैच्या रात्री वाडीवरच्या बाळंतिणीला खानापूरला न्यायचे असते, तेव्हा बस नसते आणि दुसरी गाडी तेथवर येत नाही. खासगी नोंदणीच्या गाडीला भाडे घेता येत नाही. घेतल्यास कायदा मोडतो आणि विम्याचे संरक्षणही धोक्यात येते. म्हणजे या फेरीची जमा बाजू कोरीच राहते.

अग्निशामक बंबाचा खर्च आपण किलोमीटरवर मोजत नाही, तो सज्ज असण्याची किंमत मोजतो. आडवाटेच्या वाडीतल्या जीपचे तेहतीस हजार तीनशे हीही सज्जतेचीच किंमत आहे. ती देण्याजोगी आहे की नाही, हे प्रत्येक घराने ठरवावे. वाणिज्यशास्त्र ते ठरवून देत नाही. मात्र आकडा समोर ठेवून दिलेली किंमत आणि न कळत गेलेला पैसा यांत फरक आहे. काकांनी आकडा पाहिला, थोडा वेळ गप्प राहिले, आणि नूतनीकरणाचे दहा हजार भरायचे ठरवले. त्याच दिवशी जीपच्या खात्याची वहीही घातली गेली.