स्वीट चार्ली : स्ट्रॉबेरीची हळवी जात

महाबळेश्वर-पांचगणीच्या डोंगरांत लाविल्या गेलेल्या स्ट्रॉबेरींत ‘स्वीट चार्ली’ ही हळवी जात होय. अमेरिकेंतील फ्लॉरिडा विद्यापीठानें ती १९९२ सालीं लागवडीस दिली. हळव्या जातीचा खरा लाभ पहिल्या तोड्यांत असतो. लागण चुकली कीं तो हातचा जातो.

पावसाचा जोर ओसरतांच, सप्टेंबर-ऑक्टोबरांत, वीतभर उंच वाफ्यांवर रोपें लावावीं. शेणखत पूर्ण कुजलेलें असावें. रोपाचा गाभा, म्हणजे जेथून नवीं पानें फुटतात तो भाग, मातीच्या बरोबरीनें ठेवावा. तो पुरला गेल्यास कुजतो. फार वर राहिल्यास मुळें उघडीं पडून सुकतात.

पाणी थोडथोडें व मुळाशींच द्यावें. पानें-फुलें भिजत राहिलीं तर बुरशी बळावते. रोपास फुटणारे धावते कोंब वेळोवेळीं खुडावे, म्हणजे झाडाचा जोर फळांकडे वळतो. वाफ्यावर पेंढा किंवा काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. फळ मातीस टेकूं देऊं नये.

तोडणी सकाळच्या गारव्यांत, देठासह करावी. तोडल्यावर फळास रंग चढला तरी गोडी चढत नाहीं. म्हणून चढ्या भावाच्या मोहानें कच्चें फळ तोडूं नये. गिऱ्हाईक एकदां विटलें कीं पुढील तोड्यांचा भावही बसतो.