तपासणीची विधाने : प्रयोगशाळेत आणि प्रत्यक्ष वापरात

आज्ञावली लिहिणे हे निम्मे काम. तिच्यातील दोष शोधणे हे उरलेले निम्मे. दोष लवकर सापडावेत म्हणून आपण आज्ञावलीत काही विधाने केवळ तपासणीसाठी घालतो. मात्र शिकताना एक गोष्ट अनेकदा ध्यानात येत नाही, ती अशी की, यांपैकी काही विधाने सरावाच्या प्रतीत एक वागतात आणि वापरासाठी कंपाइल केलेल्या अंतिम प्रतीत वेगळे वागतात. संगणकशिक्षणाकडे वळणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी हा विषय येथे मांडीत आहोत.

सी भाषेतील ‘असर्ट’ हे विधान पाहू. कंसातील अट खरी असेल तर ते गप्प राहते; खोटी ठरल्यास फाइलचे नाव व ओळीचा क्रमांक दाखवून आज्ञावली थांबवते. परंतु कंपाइल करताना ‘एनडीबग’ हे नाव घोषित केले, की असर्टच्या जागी काहीच न करणारे विधान बसते. तपासणीत जाणारा वेळ वाचावा, हा त्यामागील हेतू. पायथनमध्ये ‘-ओ’ हा पर्याय दिल्यास असर्ट वगळले जाते. जावामध्ये तर ते मुद्दाम सुरू केल्याशिवाय चालतच नाही.

आता वसतिगृहाच्या हजेरीची कल्पना करू. प्रत्येक मुलामागे ‘संख्या एकने वाढव आणि ती ६० च्या आत आहे ना ते पाहा’ असे एकच विधान असर्टच्या कंसात लिहिले. सरावात ४८ मुलांची हजेरी ४८ भरते. अंतिम प्रतीत ते विधानच गळते, त्यामुळे संख्या शून्यावरच राहते. चुकीचा संदेश येत नाही. स्वयंपाकघराला मात्र शून्य ताटांचा निरोप जातो. मोजणीचे काम तपासणीच्या कंसात ठेवले, म्हणून तपासणीबरोबर कामही गेले.

छापणाऱ्या विधानांचीही अशीच गंमत आहे. दोन कामे एकाच वेळी चालू असताना मधले छापण्याचे विधान एका कामाला क्षणभर थोपवते आणि दोष लपतो. ते काढले की दोष पुन्हा प्रकटतो. पाहू गेल्यास रूप बदलणाऱ्या अशा दोषाला, भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांच्या नावावरून, ‘हायझेनबग’ म्हणतात.

संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९७३ मध्ये एक मार्मिक तुलना केली होती. जमिनीवर सराव करताना जीवरक्षक जाकीट घालायचे आणि समुद्रात शिरताच ते उतरवायचे, अशा नावाड्याला काय म्हणावे? मिरकरवाड्याच्या बंदरावर वावरणाऱ्या रत्नागिरीकरांना याचे उत्तर सांगावे लागत नाही.

यातून तीन नियम निघतात. पहिला, तपासणीने केवळ पाहावे. मोजणे, नोंदवणे, फाइल उघडणे ही कामे आधी स्वतंत्र ओळीत करावीत. दुसरा, वापरणाऱ्याने भरलेली माहिती असर्टने न तपासता साध्या ‘इफ’ने तपासावी, ती तपासणी कायम राहते. तिसरा, जी प्रत लोकांच्या हाती जाणार, त्याच प्रतीवर सर्व चाचण्या पुन्हा घ्याव्यात.

विद्यार्थ्यांनी वरील हजेरीची छोटी आज्ञावली लिहून ती एकदा ‘एनडीबग’शिवाय आणि एकदा त्यासह कंपाइल करावी, दोन्ही उत्तरे वहीत शेजारी शेजारी मांडावीत. त्यानंतर मोजणी असर्टच्या बाहेर काढून पुन्हा पाहावे. या क्षेत्रात काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीत एखादा तास देऊन हा प्रयोग मुलांकडून करून घेतला, तर पुस्तकातील धडा त्यांच्या हातात उतरेल.