चटणी पुण्याला निघाली, आता जबाबदारीचं बोलू

अगं, सांगलीत विश्रामबागेतल्या तुझ्या घरातून कांदा-लसूण चटणी ओळखीपाळखीत जात होती, तोवर मी काही बोलले नाही. आता पाकिटं पुण्याच्या दुकानात ठेवणार म्हणालीस, शेंगदाण्याचीही सुरू करणार म्हणालीस. इथे साताऱ्यात बसून नुसती काळजी करण्यापेक्षा स्पष्टच सांगते.

कंपनी काढू का, असं विचारलंस. मला वाटतं, आत्ता नको. तू एकटी मालकीण आहेस, त्यामुळे कायद्याला तू आणि तुझा धंदा वेगळे दिसत नाहीत. कुणाला इजा झाली तर भरपाई तुझ्या खात्यातून, एफडीतून, दागिन्यांतून जाते. रूढीप्रमाणे बाईला अंगावरून काढता येत नाही असा मंगळसूत्रासारखा दागिना तेवढा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे जप्तीतून सुटतो. घर सासूबाईंच्या नावावर आहे, ते तुझ्या देण्यापायी जात नाही. पण तुझ्या कर्जाला त्या जामीन राहिल्या की त्याही अडकल्या. त्यांची सही घेण्याआधी हे त्यांना नीट समजावून सांग, घाईत कागद पुढे करू नकोस.

कंपनी काढली की धंद्याचं कर्ज, उधारी कंपनीपुरती राहते हे खरं. पण चटणी तूच परतणार, तूच भरणार. हलगर्जी तुझीच ठरली तर कंपनी आहे म्हणून तू सुटशील असं नाही. शिवाय दरवर्षीचे हिशेब, लेखापरीक्षण, सीएची फी, हे सगळं आलंच.

खरी भीती मला शेजारच्या वहिनींची वाटते. बाई चांगली आहे, प्रश्न तो नाही. दोघी मिळून धंदा करायचा, नफा निम्मा-निम्मा, असं तोंडी ठरवलंत ना? लेखी काही नसलं तरी 1932 च्या भागीदारी कायद्याने तुम्ही भागीदार ठरू शकता, आणि धंद्याच्या कामात त्यांच्या हातून चूक झाली तर सगळी भरपाई एकट्या तुझ्याकडूनही मागता येते. त्यापेक्षा त्यांना सरळ मजुरी दे. भागीदारीच हवी असेल तर तिथे एलएलपीचा, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा, विचार जरूर कर.

आता पाकिटाकडे बघ. अन्न सुरक्षा कायदा 2006 चा. त्याच्या कलम 65 मध्ये असुरक्षित अन्नाने मृत्यू झाल्यास किमान 5 लाख, गंभीर इजेला 3 लाखांपर्यंत आणि इतर इजेला 1 लाखापर्यंत भरपाई आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये तर उत्पादकाची जबाबदारी वेगळी सांगितली आहे. नीट सूचना दिली नाही, तरी तू जबाबदार. लेबलवर दिलेली हमी खोटी ठरली, तर ती चांगल्या मनाने दिली होती म्हणूनही सुटका नाही. म्हणून ‘सहा महिने टिकते’ हे खात्री असल्याशिवाय छापू नकोस. शेंगदाणे काहींना सोसत नाहीत. ते ठळक लिही. कांदा-लसणाची चटणी त्याच भांड्यात, त्याच मिक्सरवर होत असेल तर तिच्या पाकिटावरही लिही. एफएसएसएआयची नोंदणी, बॅच नंबर, तारीख आणि प्रत्येक बॅचचं एक पाकीट घरी राखून ठेवणं, हे आधी. तक्रार आली तर दाखवायला तुझ्याकडे तेवढंच असतं. आणि घरचा 14.2 किलोचा सिलिंडर धंद्याला चालत नाही, बरं का, व्यावसायिक घे.

मग विमा. ओळखीच्या दहा घरांत चटणी जाते तोवर मी आग्रह धरणार नाही. अनोळखी माणूस दुकानातून पाकीट उचलणार, तिथे मात्र प्रॉडक्ट लायबिलिटी पॉलिसी घे. पुरामुळे मालाचा विमा तू काढलास ते छान केलंस, 2019 आणि 2021 पाहिलेल्या सांगलीत तो हवाच. पण तो तुझ्या मालाचा आहे, खाणाऱ्याच्या इजेचा नाही. एजंटाला लेखी विचार: वकिलाचा खर्च धरला आहे का, पहिली किती रक्कम मी भरायची, दंड यात येतो का? दंड बहुधा येत नाही.

पुण्याच्या दुकानदाराचा कागद आला की सही करू नकोस, आधी मला फोटो पाठव. ‘कोणत्याही तक्रारीची संपूर्ण जबाबदारी पुरवठादाराची’ अशी ओळ त्यात असते. दुकानदाराने पाकिटं उन्हात ठेवली तर ते तू का भरायचं?