शास्त्रीय मजकुराचे लेखन : उथळ भूकंपीय सर्वेक्षणाचे नियोजन

उद्दिष्ट : या पाठाच्या अभ्यासानंतर तांत्रिक निष्कर्ष व त्याची मर्यादा मराठीत नेमकेपणाने मांडता येईल.

1. प्रास्ताविक
दारव्हा परिसर दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग झिजलेला खडक आणि त्याखाली अखंड काळा पाषाण, हा क्रम विहीर खोदणाऱ्यांच्या परिचयाचा असतो. भूजल मुख्यतः झिजलेल्या व भेगाळ थरांत साठते. म्हणून कठीण पाषाण किती खोलीवर आहे, हे खोदण्यापूर्वी कळणे मोलाचे ठरते. त्यासाठी उथळ भूकंपीय सर्वेक्षण उपयोगी पडते. ‘भूकंपीय’ या विशेषणाने दिशाभूल होऊ नये. जमिनीवर ठेवलेल्या लोखंडी पाटावर घणाचा घाव घालतात आणि त्याची कंपने ओळीने रोवलेल्या जिओफोनांपर्यंत किती वेळात पोचतात, हे मोजतात.

2. तपशील आणि खोली
तरंगाच्या वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते. वेग सेकंदाला 2000 मीटर व वारंवारता 100 हर्ट्‌झ असल्यास तरंगलांबी 20 मीटर येते. परावर्तन पद्धतीत तिच्या सुमारे चतुर्थांशाहून, म्हणजे 5 मीटरांहून, पातळ थराच्या दोन्ही सीमा वेगळ्या ओळखणे कठीण असते. वारंवारता 200 हर्ट्‌झ केल्यास ही मर्यादा 2.5 मीटरांवर येते. परंतु उच्च वारंवारतेची कंपने जमिनीत लवकर क्षीण होतात आणि खोली गमवावी लागते.

अपवर्तन पद्धतीत ओळीची लांबी अपेक्षित खोलीच्या साधारणतः चार ते पाच पट ठेवतात. चार-चार मीटरांवर 24 जिओफोन रोवले तर ओळ 92 मीटर होते व सुमारे 20 मीटर खोलीचा वेध घेता येतो. तेच जिओफोन दोन-दोन मीटरांवर रोवल्यास वरच्या थरांचा तपशील वाढतो, पण खोली निम्म्यावर येते. म्हणून नेमके काय शोधायचे आहे, हे आधी ठरवावे लागते.

3. ‘नाही’ आणि ‘आढळला नाही’
खोलीबरोबर तरंगाचा वेग वाढत जातो, हे अपवर्तन पद्धतीचे गृहीतक आहे. दख्खनचा खडक मात्र लाव्हाच्या एकावर एक थरांनी बनलेला आहे. कठीण पाषाणाखाली सच्छिद्र किंवा लालसर मातकट मऊ थर असू शकतो. असा थर या पद्धतीला दिसत नाही आणि त्याखालील खडक प्रत्यक्षापेक्षा खोल भासतो.

येथे भाषेची जबाबदारी सुरू होते. अहवालात ‘पाषाणाखाली मऊ थर नाही’ असे लिहिल्यास पद्धतीची मर्यादा जमिनीच्या नावावर टाकली जाते, आणि शेतकरी ते वाक्य अंतिम मानून पैसा खर्च करतो. ‘या पद्धतीने मऊ थर आढळला नाही, तो नसल्याचे यावरून सिद्ध होत नाही’ हे विधान लांब असले तरी खरे आहे.

स्वाध्याय
1. तपशील व खोली यांतील विरोध स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.
2. शेतकऱ्यासाठी सर्वेक्षणाचा पाच वाक्यांचा अहवाल लिहा; त्यात पद्धतीची मर्यादा स्वतंत्र वाक्यात नोंदवा.