आईबापाविना लेकरांची शुश्रूषा : पाच गुणांचा पाठ



अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरच्या वस्त्यांत आम्हाला एक प्रश्न नेहमी विचारला जातो. आईबाप गेलेलं आणि त्यातून अपंग असलेलं लेकरू घरात आहे. आजी थकली, मामा मजुरीवर जातो. मग कोणी सुचवतं, "एखाद्या आश्रमात नाहीतर मिशनमध्ये ठेवा, धर्माची माणसं आहेत, सांभाळतील." चांगल्या धार्मिक संस्था आहेत, हे खरंच. पण मूल दयेवर वाढत नाही. त्याची शुश्रूषा कशी करायची हे माहीत असावं लागतं, आणि ती नीट होते का हे बाहेरच्यांना पाहता यावं लागतं.

महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हतं. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन खाटेवर निजवलं. नंतर त्यांनी भिक्खूंना समजावलं की इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे. चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुणही तिथेच सांगितले आहेत. बालगृहातल्या लेकरांना ते जसेच्या तसे लागू पडतात.

१. औषध देता येणं. फिटच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नयेत, मनाने बंद करू नयेत. फिट आली की मुलाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर १०८ ला फोन करा.

२. काय मानवतं, काय नाही हे कळणं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला आडवं पाडून भरवू नये. त्याला टेकवून बसवा, मान किंचित पुढे ठेवा, मऊ भात-वरण छोट्या चमच्याने द्या. मासळीचा काटा बोटांनी चाचपून काढा. जेवल्यावर अर्धा तास बसतंच ठेवा. जेवताना ठसका लागतो, वरचेवर ताप येतो, तर अन्न फुप्फुसात जात असेल. डॉक्टरांना दाखवा.

३. लोभाने नव्हे, मैत्रीने करणं. देणगीदार आले की मुलांना रांगेत उभं करून फोटो काढतात. ते फोटो मुलांसाठी असतात की देणगीसाठी, हे विचारायला लाजू नका.

४. किळस न बाळगणं. जे मूल स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याची कूस दर दोन तासांनी बदला. माकडहाड, खुबा, टाच रोज पाहा. दाबूनही लाली जात नसेल तर ती बेडसोरची सुरुवात आहे. तिथे चोळू नका, त्या जागेवर भार येऊ देऊ नका. ओलं कापड लगेच बदला.

५. मन उभारी धरेल असं बोलणं. भरवताना, धुताना मुलाला नावाने हाक मारा, काय करतोय ते सांगा. बोलता न येणाऱ्या मुलालाही ओळखीचा हात कळतो. म्हणून रोज नवी बाई नको, ठरलेली माणसं हवीत.

धार्मिक संस्थेत हे जमू शकतं. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी निराधार मुली आणून पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती सदन उभं केलं. संस्था ख्रिस्ती. तिथे अंधांसाठी वेगळं सदन होतं आणि रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई हिने अंध मुलींना ब्रेल शिकवलं. ज्या मुलीची जी अडचण, तशी तिची सोय केली.

उलट उदाहरणं आपल्याच जिल्ह्यात आहेत. मुरूड आणि मुंबईत चाललेल्या एका आश्रयगृहातील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवलं. त्याच वर्षी पनवेलजवळच्या कळंबोलीत गतिमंद मुलींवरचे अत्याचार उघड झाले आणि २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने दोषींना शिक्षा सुनावल्या. ज्या मुलीला बोलता येत नाही, तिच्यासाठी बाहेरच्या माणसाची नजर हेच संरक्षण असतं. म्हणून दारावर पाटी कोणत्याही धर्माची असो, आत जाऊन पाहा.

मूल परस्पर कोणाच्याही हवाली करू नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार बालगृह नोंदणीकृत असावं लागतं आणि मूल तिथे बाल कल्याण समितीच्या आदेशानेच ठेवता येतं. निराधार मूल दिसलं किंवा संशय आला, तर १०९८ वर कळवा.

त्याआधी घरातच सांभाळता येईल का, ते पाहा. बालसंगोपन योजनेत अशा मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज अलिबागला जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे करा. अपंगत्वाचा दाखला जिल्हा सामान्य रुग्णालयातून काढा. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असेल, तर निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की पालकत्वाचा प्रश्न येतो. अशा मुलांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे कायदेशीर पालक नेमून घेता येतो.

येत्या वर्षावासात महिला मंडळांनी जवळच्या बालगृहात जायचं ठरवावं. फळं-बिस्किटं जरूर न्या. पण पाठीवरचं कापड सारून कातडी पाहा, औषधांची वही मागा, जेवणाच्या वेळी थांबा. आणि एकदा गेलात की महिन्याभराने पुन्हा जा.