पडद्याआडचे सेवक

इ. स. १८९५ च्या नोव्हेंबर महिन्याची ८ तारीख. त्या दिवशी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटगेन ह्या शास्त्रज्ञाला एक अद्भुत किरण गवसला. हा किरण कातडी व मांस भेदून पार जाई. हाडे मात्र त्याला अडवीत. त्याचे स्वरूप अज्ञात होते, म्हणून तो 'क्ष-किरण' ह्या नावाने ओळखला जाऊ लागला. शरीरावर शस्त्र न चालवता आतील व्यंग पाहण्याची दृष्टी वैद्यकाला लाभली. पुढे १९७१ साली इंग्लंडमध्ये सी. टी. स्कॅन यंत्राने पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. फळाचे पातळ काप करून पाहावे, त्याप्रमाणे हे यंत्र शरीराच्या आतील भागाची एकामागून एक चित्रे दाखवते.

परंतु यंत्राला स्वतःची बुद्धी नसते. रुग्णाला योग्य रीतीने निजवणारा, श्वास रोखून धरण्यास सांगणारा आणि आवश्यक तेवढेच किरण सोडणारा तंत्रज्ञ यंत्रापाशी असावा लागतो. चित्रातील प्रत्येक छाया न्याहाळून तिचा अर्थ लावणारा क्ष-किरणतज्ज्ञ असावा लागतो. रुग्ण बरा होऊन घरी जातो तेव्हा त्याला डॉक्टर आठवतात, परिचारिका आठवते. पडद्याआड राबणाऱ्या ह्या मंडळींचे नाव सहसा कोणाच्या ओठी येत नाही.

ह्या सेवकांची खरी कसोटी कोविडच्या साथीत लागली. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड ही जगभर पसरलेली महामारी असल्याचे सांगितले. हा रोग फुप्फुसांवर घाला घालीत असे. तो कितपत पसरला आहे हे जाणून घेण्यासाठी छातीचे चित्र फार उपयोगी पडे.

रुग्णापासून दूर राहा, असा उपदेश तेव्हा सर्वांना केला जाई. तंत्रज्ञाला तो पाळणे शक्य नव्हते. अत्यवस्थ रुग्णाला क्ष-किरण कक्षात आणता येत नसे. म्हणून तंत्रज्ञच चाकांचे यंत्र ढकलीत त्याच्या खाटेपाशी जाई. रुग्णाच्या पाठीखाली चित्रफलक सरकवायचा, तर त्याला आईने लेकराला उचलावे तसे कवेत घ्यावे लागे. अंगावर किरणांपासून रक्षण करणारा शिशाचा जड ॲप्रन आणि जंतूंपासून रक्षण करणारा, नखशिखान्त झाकणारा पोशाख असे. आत घामाच्या धारा लागत, चष्म्यावर वाफ साचे. तो पोशाख एकदा चढवला की कित्येक तास पाण्याचा घोटही घेता येत नसे. प्रत्येक रुग्णानंतर यंत्र जंतुनाशकाने पुसून काढावे लागे, आणि तोवर पुढचा रुग्ण दाराशी येऊन थांबलेला असे.

काम संपले तरी चिंता संपत नसे. आपल्यामुळे घरातील वृद्धांना अथवा मुलांना रोग जडेल, ह्या भीतीने कित्येक जण घरातच निराळ्या खोलीत राहिले, तर कित्येक जण घरी गेलेच नाहीत.

२०२१ साली साथीची दुसरी लाट आली. त्या वर्षीच्या मे महिन्याच्या आरंभी भारतात एका दिवसात नोंदल्या जाणाऱ्या नव्या रुग्णांची संख्या ४ लाखांच्याही वर गेली. साधा ताप आलेले लोकही घाबरून सी. टी. स्कॅनसाठी रांगा लावू लागले. २५ पैकी किती 'स्कोअर' आला, ह्याची चर्चा घरोघरी चाले. सौम्य लक्षणे असताना असे स्कॅन करण्यात लाभ नाही, असे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया ह्यांना त्या वेळी जाहीरपणे सांगावे लागले. छातीच्या एकेका स्कॅनमध्ये शेकडो चित्रे असू शकतात. ती सारी डोळ्यांखालून घालता घालता तज्ज्ञांची रात्र सरे. घाबरलेल्या लोकांच्या अनावश्यक मागणीचे ओझेही अखेर ह्याच खांद्यांवर पडले.

अशा अविश्रांत श्रमांचा परिणाम मनावर झाल्यावाचून राहत नाही. एका रात्रीच्या झोपेने जातो तो साधा थकवा. हा थकवा तसा नव्हे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर ह्यांनी १९७४ साली त्याचे वर्णन करताना 'बर्नआउट' हा शब्द योजला. समईतील तेल सरले की ज्योत वातीलाच जाळू लागते, तसे ह्यात मनुष्याचे होते. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची तीन लक्षणे सांगितली: शक्ती पार संपल्यासारखे वाटणे, आपल्या कामाविषयी मन दुरावणे अथवा कडवट होणे, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे वाटणे. हा रोग नव्हे, तर कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आवरला न गेल्याचा परिणाम आहे, असेही त्या संघटनेने स्पष्ट केले.

ह्या शेवटच्या विधानात मोठा अर्थ आहे. थकलेला सेवक भित्रा नसतो अथवा आळशीही नसतो. पुष्कळदा ज्याला कर्तव्याची चाड अधिक, तोच आधी थकतो. कारण "मला विसावा हवा" असे म्हणण्याची त्याला लाज वाटते. परंतु शिणलेल्या डोळ्यांतून एखादी बारीक छाया निसटली, तर त्याचे मोल रुग्णाला मोजावे लागते. म्हणून सेवकाची विश्रांती ही चैन नव्हे. ती रुग्णाच्या सुरक्षिततेचाच एक भाग आहे.

अनेक रुग्णालयांनी त्या काळात कर्मचाऱ्यांचे दोन गट पाडले. एक गट कामावर असे, तेव्हा दुसरा दूर राही. एका गटाला रोगाने गाठले तरी काम बंद पडू नये, हा त्यातील मुख्य हेतू. पण त्यामुळे काहींना थोडा विसावाही मिळाला. पुरेशी माणसे, ठरलेल्या पाळ्या, संरक्षणाची साधने आणि मन मोकळे करता येईल असा वडीलधारा सहकारी, एवढे लाभले तर ताणाचा भार पुष्कळ हलका होतो.

२२ मार्च २०२० रोजी सायंकाळी देशभर लोकांनी टाळ्या व थाळ्या वाजवून आरोग्यसेवकांविषयी कृतज्ञता दाखवली. ती कृतज्ञता खरी होती. पण नुसत्या टाळ्यांनी शीण उतरत नाही, हे आपला शेतकरी फार पूर्वीपासून जाणतो. भर दुपारी तो बैलाच्या मानेवरचे जू उतरवून त्याला सावलीत बांधतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद व तूप लावून चोळतो, आणि पोळ्याला त्यांना औताला जुंपीत नाही. मुक्या प्राण्याच्या खांद्याची जी काळजी आपण घेतो, ती माणसाच्या मनाचीही घ्यावयास हवी.

स्वाध्याय
१. तंत्रज्ञाला रुग्णापासून दूर राहणे शक्य का नव्हते?
२. साधा थकवा आणि 'बर्नआउट' ह्यांतील फरक स्वतःच्या शब्दांत सांगा.
३. 'सेवकाची विश्रांती ही चैन नव्हे' असे का म्हटले आहे?
४. तुमच्या गावात पडद्याआड राबणाऱ्या एखाद्या सेवकाला भेटा व त्याच्या कामाविषयी दहा ओळी लिहा.