इंजिनाचा दांडा : दुरुस्त करावा की नवा घालावा?

तुमच्या गावच्या शिंप्याकडे पायाने चालवायचे मशीन आहे ना? शिंपी पायटी दाबतो. पायटी खाली जाते, वर येते. चाक मात्र गोल फिरते. वर-खाली चाल गोल कशी झाली? पायटी आणि चाक यांच्यामध्ये एक दांडा असतो, त्याने ती केली.

इंजिनातही असाच दांडा असतो. त्याचे नाव कनेक्टिंग रॉड. मिस्त्री लोक नुसते रॉड म्हणतात. आपण दांडाच म्हणू. त्याचे वरचे टोक लहान असते. ते पिनेने पिस्टनला जोडलेले असते. खालचे टोक मोठे. ते दोन भागांचे असते आणि बोल्टांनी क्रँकवर आवळलेले असते. वरच्या टोकात बुश असतो. खालच्या टोकात बेअरिंगच्या दोन अर्धगोल वाट्या असतात. बुश आणि वाट्या मऊ धातूच्या असतात. झिजायचे काम त्यांचे, दांड्याचे नव्हे. एवढे नीट ध्यानात ठेवा. पुढचा सगळा हिशेब यावरच आहे.

वाफेच्या आगगाडीचे दांडे बाहेरून दिसत. नागपुरात मोतीबागेला रेल्वेचे संग्रहालय आहे, तिथे जुने इंजिन उभे आहे. कधी गेलात तर चाकांच्या बाजूला पहा. डिझेल इंजिनाचा दांडा मात्र पोटात दडलेला असतो. तो दिसत नाही. बिघडला की ऐकू येतो.

पुण्याजवळ खडकीची किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली निघाली. साताऱ्याच्या कूपर कारखान्यानेही डिझेल इंजिने केली. अशी इंजिने गावोगाव विहिरींवर बसली. आता विजेच्या मोटारी आल्या, पण वीज रात्री येते नि पहाटे जाते, म्हणून पुष्कळांनी इंजिन ठेवले आहे. माझ्या भाच्यानेही ठेवले आहे. त्याची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. पाच हॉर्सपॉवरचे इंजिन, मिनिटाला १५०० फेरे.

आता हा हिशेब करा. मिनिटाला १५०० म्हणजे सेकंदाला २५ फेरे. तासाला ९०,००० फेरे. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली थांबतो आणि उलट फिरतो. डिझेल पेटले की दांडा दाबला जातो. धूर बाहेर टाकून पिस्टन वर पोचला की त्याला खाली ओढून आणायचे कामही दांड्याचेच. तेव्हा दांडा ताणला जातो आणि बोल्टही ताणले जातात. तार एकदा वाकवली तर तुटत नाही. उलटसुलट वाकवत राहा, तुटते. लोखंडही थकते बरे!

फेरे वाढवले तर ही ओढ किती वाढते? दुप्पट फेऱ्यांना दुप्पट नाही, चौपट. १५०० चे १८०० केले, तर ओढ जवळजवळ दीडपट होते. शर्यतीच्या मोटारींची इंजिने याहून कितीतरी जोरात फिरतात. तिथे दांडा किती तास चालला याची वही ठेवतात. तास भरले, की दिसायला चांगला असला तरी काढून टाकतात.

भाच्याला हे ठाऊक नव्हते, आणि मलाही नव्हते. पाणी जास्त यावे म्हणून त्याने गव्हर्नरची स्प्रिंग आवळली. फेऱ्यांना लगाम घालतो तो गव्हर्नर. पाणी वाढले. दोन उन्हाळे बरे गेले. तिसऱ्या वर्षी एप्रिलात तो महालात माझ्या घरी आला. म्हणाला, "मामाजी, इंजिन ठोका मारू राह्यलं."

इंजिन उघडले. तेल कमी होते आणि काळेभोर होते. खालच्या वाट्या आपल्या जागेवरून फिरल्या होत्या. दांड्याचे मोठे टोक आतून खरवडले होते, वर निळी झाक आली होती. तापवलेल्या सुरीच्या पात्यावर येते तशी.

एक मिस्त्री म्हणाला, "वेल्डिंगने भरतो, लेथवर गोल करून देतो. नवा कशाला?" दुसरा म्हातारा होता. त्याने दांडा उन्हात धरला आणि म्हणाला, "गुरुजी, हा निळा पडला. याचं पाणी उतरलं. मी हात लावत नाही." पहिल्याचा भाव नव्या दांड्याच्या निम्म्याहून कमी होता. भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी तीस वर्षे मुलांना नफा-तोटा शिकवला होता. मी म्हणालो, "भरून घे."

एकोणीस दिवस इंजिन चालले. विसाव्या दिवशी दुपारी दांडा तुटला आणि इंजिनाचे पोट फोडून बाहेर आला. भाच्याचा मुलगा नुकताच डिझेलचा डबा आणायला गेला होता, म्हणून वाचला. इंजिनाचे अंग फुटले, क्रँक वाकला. आंबिया बहाराची फळे झाडावर सुपारीएवढी होती. शेजाऱ्याकडून पाणी घेईपर्यंत बागेत फळांचा सडा पडला. वाचवला एक रुपया, गेले वीस.

मग मी त्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे जाऊन बसलो. त्याने सांगितले ते असे.

दांडा रॉकेलमध्ये धुवावा. थोडा वेळ रॉकेलातच ठेवून पुसून कोरडा करावा. मग त्यावर खडूची भुकटी चोळावी. चीर असेल तर आतले रॉकेल बाहेर येते आणि पांढऱ्यावर ओली रेघ उठते. दांडा दोरीला टांगून हलकेच ठोकूनही पाहतात. बद्द आवाज आला तर संशय धरावा. पण नाद चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नये. बारीक चीर नादात कळत नाही. मोठ्या कारखान्यात चुंबक आणि लोखंडाची भुकटी लावून पाहतात. ती सोय असेल तर उत्तमच.

नुसता बुश झिजला असेल, तर नवा बुश बसवावा. नुसत्या वाट्या गेल्या असतील, तर वाट्या बदलाव्या. मोठे टोक थोडे लांबट झाले असेल, तर चांगल्या कारखान्यात सांध्यावर अगदी थोडे घासून पुन्हा गोल करून देतात. हे काम मापाचे आहे, अंदाजाचे नाही. यात दांड्याची लांबी किंचित कमी होते, म्हणून असे पुन्हा पुन्हा करता येत नाही. माझ्या शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचे बुश आणि वाट्या बदलून पाच वर्षे झाली. दांडे जुनेच, ट्रॅक्टर उत्तम चालतो. त्याला कोणी नवे दांडे घ्यायला लावले असते तर पैसे फुकट गेले असते.

चीर, निळी झाक, पीळ, वाक, खोल ओरखडा किंवा जुने वेल्डिंग, यातले काही दांड्यावर दिसले तर दुरुस्ती नाही. नवाच घ्यावा. इंजिन दिवसरात्र, भरल्या बोजाने चालायचे असेल तर किंचित वाकही चालवून घेऊ नये. बोल्ट तर दर वेळी नवेच घालावे. ताणलेला बोल्ट डोळ्यांना कळत नाही. ते कंपनीने सांगितलेल्या मापानेच आवळावे. टोकाचा खालचा भाग ज्या दांड्याचा, त्यालाच लावावा. त्यावर आकडे असतात, ते वाचा. आता तुम्हाला वाचता येते! दोन-चार सिलिंडरचे इंजिन असेल तर एकच नवा दांडा घालताना वजन जुळवून घ्यावे.

आणखी एक. दांडा का गेला ते शोधल्याशिवाय नवा घालू नये. क्रँकवर ओरखडे असतील, तेलाची वाट तुंबली असेल, तर नवा दांडाही त्याच वाटेने जातो.

भाच्याने पुढे जुने इंजिन घेतले. दांडा, बोल्ट, वाट्या नव्या घातल्या. गव्हर्नरला कोणी हात लावत नाही. पाणी थोडे कमी पडते, म्हणून तो तासभर जास्त चालवतो.

तुटलेला दांडा माझ्याकडे आहे. तुटल्या जागी दोन रंग दिसतात. वेल्डिंगच्या कडेचा भाग काळपट आणि गुळगुळीत आहे. उरलेला भाग खडबडीत, साखरेसारखा चमकतो. काळपट भाग आधीच चिरत गेलेला, चमकणारा त्या दुपारी तुटलेला. मी फूटपट्टी लावून पाहिली. काळपट भाग निम्म्याहून जास्त आहे.